जास्तीची एकवीस वर्षं

दोन हजार चाळीस सालच्या एक जूनला लातूरच्या पंप कारखान्यातले सात जण एकदमच साठ वर्षांचे झाले. याचं कुणालाही नवल वाटलं नाही. त्या पिढीत एक जूनला न जन्मलेला माणूस शोधावा लागायचा. कारखान्यानं आदल्या दिवशी सात नारळ, सात शाली आणि एकच केक आणून निरोप समारंभ उरकला. केकवर सगळ्यांची नावं मावेनात म्हणून नुसता एक पंप काढला होता.

त्या सातांतले एक श्रीशैल हिंगमिरे. पस्तीस वर्षं त्यांनी पंप तपासले. पंप चालू करायचा, कानाला लाकडी दांडकं लावून त्याचा आवाज ऐकायचा आणि मान हलवायची. होकाराची हलली तर पंप बाहेर जायचा, नकाराची हलली तर परत आत. घरीही त्यांचं बोलणं बहुतेक मानेवरच भागायचं.

कारखाना खासगी, त्यामुळे पेन्शन नाही. पगारातून कापून साठवलेली रक्कम तेवढी निर्वाह निधीत होती. पूर्वी ही रक्कम साठीला हातावर ठेवत आणि 'सुखी राहा' म्हणत. पण माणसं सुखी राहत नसत. कुणी ती पाच वर्षांत उडवून पोरांच्या दारात बसे, कुणी जपून जपून खर्च करी आणि कोटभर रुपये मागे ठेवून निघून जाई. हा गोंधळ मिटावा म्हणून निधीनं आयुर्मापक आणला. लातुरात त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. यमाचं मीटर, एवढंच म्हणत.

मीटर दिसायला वजनकाट्याएवढं. त्यात थुंकायचं. मग काय होई, ते निधीच्या ऑफिसातली तेजल नावाची मुलगी प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगे. आपल्या पेशींतल्या जनुकांवर बारीक रासायनिक टिकल्या असतात. वय वाढतं तशा काही टिकल्या गळतात, काही नव्या जागी चिकटतात. त्यांची मांडणी वाचली की शरीर किती जुनं झालंय ते कळतं. शरीराचं वय भागिले कागदावरचं वय, म्हणजे माणूस कोणत्या वेगानं म्हातारा होतोय ते. साठ वर्षांच्या माणसाचं शरीर छप्पन्नचं निघालं, तर तो हळू पिकतोय. आणि म्हातारपण व्याजासारखं चक्रवाढीनं वाढत असल्यामुळे वेगातला एवढासा फरक शेवटी मोठा होतो. चार वर्षांच्या फरकाची वीस वर्षं होतात.

श्रीशैलरावांचं शरीर छप्पन्नचं निघालं. मीटरनं आकडा दाखवला, एकशे चार.

त्या संध्याकाळी ते घरी छाती काढून आले. महानंदाबाई, म्हणजे त्यांची बायको, भाजी निवडत होत्या. आकडा ऐकून त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली आणि देवापुढे साखर ठेवली. सृष्टी, त्यांची मुलगी, पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना सरत आला होता. ती म्हणाली, पप्पा, म्हणजे माझ्या बाळाची नातवंडंसुद्धा तुम्ही बघणार. श्रीशैलरावांनी होकाराची मान हलवली, जणू त्यांनी हे पूर्वीपासूनच ठरवलं होतं.

हा आनंद दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत टिकला. अकराला तेजलनं हिशेबाला बोलावलं होतं.

पंपाचा माणूस समोर आहे म्हटल्यावर तिनं पाण्याचंच उदाहरण घेतलं. तुमची साठवण म्हणजे गच्चीवरची टाकी, काका. दर वर्षी तुम्ही त्यातून बारा लाखांचं पाणी काढणार, कारण तुमच्या घराचा खर्च तेवढा आहे. उरलेल्या पाण्यात व्याजाची एक बारीक धार पडत राहणार. पण महागाईमुळे तुमची बादली दर वर्षी थोडी मोठी होणार. धारेतून महागाई वजा केली तर हातात वर्षाला शेकडा दोन एवढीच खरी वाढ उरते. आता सांगा, टाकी किती मोठी हवी? ते तुम्ही किती वर्षं पाणी काढणार त्यावर. तेवीस-चोवीस वर्षं असतील तर तुमच्या दोन कोटी छत्तीस लाखांची टाकी पुरून उरते.

"आणि चव्वेचाळीस वर्षं असतील तर?" श्रीशैलरावांनी विचारलं.

तर तीन कोटी एकोणपन्नास लाख लागतात, ती म्हणाली. एक कोटी तेरा लाख कमी पडतात. आणि भोक बुजल्याशिवाय नियमानं नळ उघडता येत नाही.

भोक बुजवायच्या वाटा तीन. वर्षाला बाराऐवजी आठ लाखांत भागवायचं, नाहीतर आणखी दहा-बारा वर्षं नोकरी करायची, नाहीतर घर विकायचं. तिनं हे फार गोड आवाजात सांगितलं, पण अर्थ एकच होता: कमी खा, जास्त राबा, नाहीतर बाहेर पडा. आठ लाखांत दोघांची औषधं आणि दूध-वीजच भागली असती. साठीच्या माणसाला कारखाना आत घेत नव्हता. राहता राहिलं घर.

घर म्हणजे औसा रोडच्या आतल्या बाजूला चार खोल्या आणि मागं परसात दोन सीताफळं, एक शेवगा आणि भिंतीलगत महानंदाबाईंनी लावलेली पुदिन्याची पट्टी. बावीस वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा पाया खणताना निघालेले दगड त्यांनी स्वतः वेचून परसाला कुंपण केलं होतं. श्रीशैलरावांनी दारातच सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण असावं. घर विकू, पैसे निधीत टाकू आणि पुण्याला सृष्टीच्या फ्लॅटमध्ये राहू.

महानंदाबाईंनी आधी परसाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एकशे चार वर्षं जगणार तुम्ही, आणि घर जाणार माझं."

त्यांचा स्वतःचा आकडा एक्क्याऐंशी आला होता. त्या तेव्हा पंचावन्नच्या होत्या, म्हणजे अजून सव्वीस वर्षं. त्यांचा जन्म सरकारी दवाखान्यातला, तारीख पक्की. त्यांनी कढीपत्त्याच्या काड्या मोडत मोडत दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण गेल्यावर हा माणूस अठरा वर्षं एकटा राहणार आहे. आणि या माणसाला चहा करता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली.

श्रीशैलरावांचा पहिला चहा उतू गेला. दुसऱ्यात आलं सालीसकट पडलं. तिसरा बरा झाला म्हणून ते खूश झाले, पण त्यात दूध घालायचंच राहिलं होतं. भाकरीचं तर विचारूच नका. त्यांची भाकरी परातीतून निघताना जिल्ह्याचा नकाशा होई आणि तव्यावर पडेपर्यंत त्याचे तालुके वेगळे होत. सृष्टी पोट धरून हसे आणि हसताना बाळ लाथ मारतंय म्हणून पुन्हा हसे. महानंदाबाई मात्र हसत नसत. पिठात पाणी कमी-जास्त झालं की त्या म्हणत, मी नसताना तुम्हाला हे कोण सांगणार? हे रोज ऐकून श्रीशैलरावांना वाटायला लागलं की आपण आताच विधुर झालोय आणि बायको वरून सूचना देतेय.

तिकडे गावात वेगळीच धमाल उडाली होती. कारखान्यातल्या सातांपैकी सहा जणांचे आकडे शंभराच्या आसपास निघाले. मग शिक्षक निघाले, तलाठी निघाले, एसटीतले निघाले. लातूरची माणसं शंभरी गाठतात म्हणून पेपरात बातमी आली. बंगळूरहून, म्हणजे जिथं मीटर तयार झालं तिथून, चार शास्त्रज्ञ आले आणि इथल्या तुरीच्या डाळीचे नमुने घेऊन गेले. डाळीचा भाव वाढला. नमस्कार केला की म्हातारी माणसं सवयीनं शंभर वर्षं जग म्हणत आणि समोरचा साठीचा माणूस गयावया करी, आजी, अहो परवडत नाही.

सातवा माणूस बसवराज बिराजदार. श्रीशैलरावांचा जिवलग. त्याचा आकडा आला सदुसष्ट. बसवराजनं एक दिवस दार बंद करून घेतलं, दुसऱ्या दिवशी उघडलं आणि नवीकोरी लाल गाडी दारात आणून उभी केली. सात वर्षांना केवढी टाकी लागते, तो म्हणायचा, माझ्याकडे तर धरण आहे. तो रोज पेढे आणायचा आणि श्रीशैलरावांकडे अशा दयेनं बघायचा की दुःख नक्की कुणाला आहे ते समजेनासं व्हायचं.

जूनच्या मध्याला सृष्टीला मुलगी झाली. मोठ्या दवाखान्यात, सहा वाजून चौदा मिनिटं आणि नऊ सेकंदांनी. दाखल्यावर सेकंदसुद्धा छापून आले. निधीतर्फे शुभेच्छा आल्या आणि बाळाचं मोजमाप मोफत करून देऊ, म्हणजे आतापासूनच हप्ता ठरवता येईल, असंही आलं. सृष्टी अंगावर पाजत होती. तिनं फोन उलटा करून ठेवला आणि बाळाच्या कानामागचं ओलं पुसत म्हणाली, तिला आधी पालथी तर पडू द्या.

घराला गिऱ्हाईक लागलं. एक बिल्डर येऊन लेझरनं खोल्या मोजून गेला. परसात सीताफळाच्या खोडावर लाल ठिपका पडला, तेव्हा महानंदाबाई पुढं होऊन ठिपका आणि झाड यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या. काहीतरी अंगावर येतंय म्हणून आडव्या झाल्या, एवढंच. ठिपका त्यांच्या पदरावर थरथरत राहिला. बिल्डरनं सौजन्यानं यंत्र बंद केलं आणि सोमवारी कागद करू म्हणाला.

सोमवारच्या आदल्या दिवशी बाळाचं बारसं होतं. त्यासाठी औराद शहाजानीहून गुरुबाईआत्या आल्या. श्रीशैलरावांच्या वडिलांची ही एकुलती एक बहीण, ब्याऐंशी वर्षांची, दातांशिवाय सगळं शाबूत. त्यांना घेऊन त्यांचा मुलगा मल्लिनाथ आला होता. तो अजून नोकरीत होता, सत्तावन्नचा. लहानपणापासून श्रीशैलरावांना दादा म्हणायचा, जरी दादा त्याच्या खांद्याला लागत होते.

पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या. बायका घराचा विषय काढून हळहळल्या. आत्यांनी विचारलं, सोन्यासारखं घर इकायचं कामून? मग सृष्टीनं त्यांना सगळं समजावलं: मीटर, टिकल्या, टाकी. आत्यांनी मन लावून ऐकलं. टिकल्यांचं त्यांना पटलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, की साठ वर्षांचा कोण?

पप्पा, सृष्टी म्हणाली.

"हा? हा कुठला साठचा? माझा मल्लू पोटात होता, दोन महिने बाकी होते, तवा हा झाला. भाऊबीजेला माझ्या दादाला, ह्याच्या बापाला, ओवाळायला आले होते मी, ताट हातातच राहिलं आन् आतून ह्याचं रडणं ऐकू आलं. मल्लू संक्रांतीला झाला, लातूरच्या दवाखान्यात. दोघांत दोन महिन्यांचं अंतर. मल्लू सत्तावन्नचा तर हा साठचा कसा रे होईल?"

घुगऱ्यांची वाटी श्रीशैलरावांच्या हातात तशीच राहिली.

आत्या रंगात आल्या होत्या. याची थोरली बहीण शाळेत जायची ती याला काखेला मारून. घरी सांभाळायला कुणी नाही. बसायचा वर्गात शेंबूड पुसत. शाळेत एक मास्तर कमी होणार होता, पोरं कमी म्हणून. तर गुरुजींनी यालाच पहिलीत घातलं. तेव्हा वय बघायची रीत होती: उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. धरता आला तर पोरगं सहाचं.

"तुझा हात टाळूपर्यंतच येत व्हता," आत्या म्हणाल्या. "गुरुजींनी वढून कानाला लावला. तू रडलास, तर हातावर गूळ ठेवला. आन् लिहिलं, एक जून."

सगळं घर हसलं. पहिलीत दोन वर्षं का बसवलं आणि दहावीपर्यंत रांगेत सर्वांत पुढं का उभं केलं, त्याचा उलगडा श्रीशैलरावांना त्या क्षणी झाला. आणखीही एक उलगडा झाला, पण तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. जन्मतारीख खोटी, म्हणजे भागाकार खोटा. छप्पन्न भागिले साठ नव्हे, छप्पन्न भागिले साडेसत्तावन्न. ते हळू पिकत नव्हते. चारचौघांसारखेच पिकत होते. लातूरच्या डाळीत काही नव्हतं. लातूरचे गुरुजी उदार होते.

सृष्टीनं तिथल्या तिथं मोबाइलवर हिशेब केला आणि ओरडली नाही, फक्त आईकडे बघितलं. त्र्याऐंशी. अजून पंचवीस वर्षं. पंचवीस वर्षांना दोन कोटी चौतीस लाखांची टाकी लागते. आपली आहे छत्तीसची. घर वाचलं.

बायकांनी पुन्हा घुगऱ्या वाटल्या. श्रीशैलराव मात्र उठून परसात गेले.

आता खरं सांगायचं तर माणसाचं मन भारी विचित्र असतं. ही एकवीस वर्षं त्यांची कधी नव्हतीच. महिन्यापूर्वी ती असल्याचा पत्ताही नव्हता. पण पंगतीत चुकून पानात पडलेली जिलबी वाढपी उचलायला लागला की जीव कसा कासावीस होतो, तसं त्यांचं झालं. नातीची नातवंडं दिसणार होती. शंभराव्या वाढदिवसाला बसवराजच्या फोटोला हार घालायचा, हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आता स्वतःच्या हातानं अर्ज करायचा आणि सांगायचं, की घ्या ही वर्षं परत? आत्यांच्या आठवणीखेरीज पुरावा तरी कुठं होता? सोमवारी कागद केला तर एकशे चार शाबूत.

महानंदाबाई मागोमाग आल्या. शेवग्याला टेकून उभ्या राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांना या माणसाची मान वाचता येत होती, आणि मान आता हलतच नव्हती.

"जड जातंय ना," त्या म्हणाल्या.

"मीटर खोटं असेल तर खरं काय ते कुणाला ठाऊक," ते म्हणाले. "एकशे चारही असतील."

"असतील की. मग असू द्या." त्या म्हणाल्या. "पण अठरा वर्षं तुम्ही त्या पुण्याच्या बाल्कनीत काय करणार होता, ते एकदा मला सांगा. मला रोज तेच दिसतं. सकाळी उठून तुम्ही बिनदुधाचा चहा करताय, आणि कुणी सांगायला नाही."

श्रीशैलरावांनी सीताफळाकडे बघितलं. पुदिन्याकडे बघितलं. मग त्यांनी मनाशी पंचवीस आणि सव्वीस हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहिले. दोन पंप एका लयीत चालले की तपासणाऱ्याच्या कानाला जे सुख होतं, ते त्यांना कुणाला समजावून सांगता आलं नसतं.

त्यांची मान हलली. होकाराची.

सोमवारी बिल्डरला चहा पाजून परत पाठवला. चहा श्रीशैलरावांनीच केला होता, त्यामुळे बिल्डरनंही फारसा आग्रह धरला नाही. मग सगळी वरात निधीच्या ऑफिसात गेली. आत्यांनी अंगठा न देता सही केली आणि तेजलला गुरुजी, गूळ, कान सगळं पुन्हा ऐकवलं. मल्लिनाथचा दवाखान्याचा दाखला पुरावा म्हणून लागला. तेजलनं आत्यांचं बोलणं ऐकत ऐकत स्वतःचाच उजवा हात डोक्यावरून नेला आणि कान धरून बघितला. मग बंगळूरला फोन लावला. तिला तिथं बराच वेळ लागला, कारण एका अख्ख्या राज्याचा जन्म एकाच दिवशी झाला हे पलीकडच्या माणसाला पटेना. तो म्हणे, आम्ही टिकल्या शेकडो वेळा तपासल्या. ती म्हणाली, टिकल्या बरोबरच आहेत सर. तारीख तुम्ही कुणाला विचारलीत?

नवा आकडा छापून आला. त्र्याऐंशी. श्रीशैलरावांनी काचेच्या पलीकडे वाकून हळूच विचारलं, यात पुढं-मागं काही होतं का. तेजल म्हणाली, दोन-तीन वर्षं होतात काका, दोन्हीकडं. टाकीत पावणेदोन लाख जास्तीचे आहेत, त्यात दीड-दोन महिने तर आताच निघतात. हे ऐकून त्यांना जे बरं वाटलं, तेवढं एकशे चार ऐकूनही वाटलं नव्हतं. फुकट मिळालेल्यापेक्षा वर घातलेलं गोड लागतं, ही भाजीबाजारातली गोष्ट आहे.

महिन्याभरात लातूरची शंभरी उतरली. डाळही उतरली. खरा घोळ झाला तो बसवराजचा. त्याचंही एक जूनच, पण त्याच्या वडिलांनी गुरुजींना उलटं सांगितलं होतं: तीन वर्षं कमी लावा, नोकरी जास्त टिकेल. बसवराज त्रेसष्टचा निघाला आणि आकडा सदुसष्टवरून एक्क्याऐंशीवर गेला. धरणाचा तळ दिसत होता आणि दारात लाल गाडी उभी. चौदा वर्षं वाढली म्हणून हसावं की रडावं, हे त्याला दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी त्यानं गाडीवर पिवळी पाटी लावली आणि सोलापूरच्या फेऱ्या सुरू केल्या. येता-जाता श्रीशैलरावांकडे थांबतो. पेढे आता श्रीशैलराव आणतात.

भाऊबीजेला श्रीशैल हिंगमिरे अठ्ठावन्न वर्षांचे झाले, दुसऱ्यांदा. त्यांचा पहिला खरा वाढदिवस. आत्या आल्या, मल्लिनाथ आला. आत्यांनी ताटातलं निरांजन लावलं आणि म्हणाल्या, तुझ्या बापाचं राहिलेलं ओवाळणं आज पुरं करते. शंभर वर्षं जग, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मग महानंदाबाईंकडे बघून म्हणाल्या, सुखानं जग.

नात आदल्या आठवड्यात पालथी पडायला लागली होती. सतरंजीवर उताणी ठेवली की पाय झाडत, धापा टाकत ती एका कुशीला यायची, आणि एकदम पोटावर पडून स्वतःच चकित व्हायची. सृष्टी तेवढ्या वेळात दोन घास खाऊन घ्यायची. श्रीशैलरावांनी चहा आणला. साखर होती, दूध होतं, आलंही सोललेलं होतं. महानंदाबाईंनी एक घोट घेतला आणि काही बोलल्या नाहीत. एवढी मोठी शाबासकी त्यांना कारखान्यात कधी मिळाली नव्हती.

मग ते नातीजवळ मांडी घालून बसले. तिचा उजवा हात दोन बोटांत धरला आणि हळूच डोक्यावरून पलीकडे न्यायला लागले. हात टाळूपर्यंतही येईना. नातीनं कपाळाला आठ्या घातल्या. आजोबांनी आणखी थोडं पुढं केलं.

"ओढू नका हो," महानंदाबाई म्हणाल्या. "पोचेल तेव्हा पोचेल. घाई काय आहे?"